पारशी सणांमागचा धर्मविचार

पारशी पंचांगात महिन्याच्या तीसही दिवसांना स्वतंत्र नावे आहेत. पहिला दिवस होर्मझ्द, म्हणजे अहुर मज्दाचा. दुसरा बहमन, तिसरा अर्दीबेहेश्त, मग शहरेवर, अस्पंदाद, खोरदाद, अमरदाद. पुढे अग्नीचा आदर, पाण्याचा आवां, सूर्याचा खोरशेद, चंद्राचा मोहोर असे दिवस येतात. बारा महिन्यांची नावेही याच नावांतून घेतलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक महिन्यात एकदा दिवसाचे आणि महिन्याचे नाव एकच येते. तो दिवस परबेचा, म्हणजे सणाचा. तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षाच्या शेवटी धर्मसंस्थापक जरथुष्ट्राच्या पाच गाथांच्या, म्हणजे स्तोत्रांच्या, नावाचे पाच दिवस मिळून 365 दिवसांचे वर्ष पूर्ण होते. या वर्षात एकही दिवस बिननावाचा नाही. पारशी सण समजून घ्यायचे तर या रचनेपासून सुरुवात करावी लागते, कारण या धर्माची मुख्य श्रद्धा याच रचनेत मांडलेली आहे.

अहुर मज्दाने निर्माण केलेली सृष्टी मुळात चांगली आहे, ही ती श्रद्धा. दुःख, रोग, असत्य आणि मृत्यू हे ईश्वराने दिलेले नाहीत. ते अंग्र मैन्यू या विनाशक वृत्तीचे आक्रमण आहे. सृष्टीच्या रक्षणासाठी अमेष स्पेंत, म्हणजे पवित्र अमर शक्ती, आहेत आणि प्रत्येकीकडे सृष्टीचा एकेक भाग सोपवलेला आहे. बहमनकडे पशू, अर्दीबेहेश्तकडे अग्नी, शहरेवरकडे धातू, अस्पंदादकडे धरती, खोरदादकडे पाणी आणि अमरदादकडे वनस्पती. माणूस ही स्वतः अहुर मज्दाच्या निगराणीखालची निर्मिती आणि या संघर्षातला त्याचा सहकारी. सुविचार, सुवचन आणि सुकृती ही त्याची साधने. पारशी घरांत त्यांनाच मनश्नी, गवश्नी, कुनश्नी म्हणतात. अश, म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था, यांच्या बाजूने उभे राहणे हे त्याचे काम.

या श्रद्धेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जग चांगले असेल तर त्याचा त्याग करण्यात पुण्य नाही. म्हणून या धर्मात संन्यास नाही, ब्रह्मचर्याचा गौरव नाही आणि शरीर झिजवणारे उपासही नाहीत. बहमन महिन्यात आणि दर महिन्याच्या बहमन, मोहोर, गोश व राम या दिवशी अनेक कुटुंबे मांसाहार टाळतात, तो पशुसृष्टीच्या आदरापोटी. शेती करणे, घर बांधणे, संसार करणे, झाड लावणे, भुकेल्याला जेवू घालणे ही धर्मकृत्येच आहेत. आनंद हेही कर्तव्य आहे, कारण खिन्नता आणि निष्क्रियता विनाशक शक्तीच्या बाजूला जातात. पारशी सणांत भोजन, नवे कपडे, फुले आणि दान यांना एवढे स्थान का, याचे उत्तर इथे आहे.

सणांचे चक्र

वर्षाचा शेवट मुक्तादांनी होतो. शेवटच्या महिन्यातले अखेरचे पाच आणि गाथांचे पाच अशा दहा दिवसांत दिवंगतांचे फ्रवशी, म्हणजे त्यांची संरक्षक आत्मतत्त्वे, पृथ्वीवर भेटीला येतात असे मानतात. त्यांच्यासाठी स्वच्छ केलेल्या खोलीत संगमरवरी किंवा धातूची मेजे मांडून त्यांवर चांदीच्या कलशांत ताजी फुले ठेवली जातात, दिवा तेवत राहतो आणि मोबेद, म्हणजे पुरोहित, प्रार्थना म्हणतात. पूर्वी ही मांडणी घरोघरी होई. शहरातली घरे लहान झाली, सोवळे पाळणे अवघड झाले, तशी ती बहुतेक ठिकाणी अग्यारीत, म्हणजे अग्निमंदिरात, गेली. विधी तोच राहिला, जागा बदलली.

वर्षाचा अखेरचा दिवस पतेतीचा. 'पतेत' ही पश्चात्तापाची प्रार्थना आहे आणि सरत्या वर्षातल्या चुकांची कबुली देण्यासाठी हा दिवस राखलेला आहे. महाराष्ट्रात शुभेच्छा पतेतीच्या नावाने देण्याची पद्धत पडली असली, तरी आनंदाचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी, फरवर्दीन महिन्याच्या होर्मझ्द रोजी येतो. तो नवरोझ. त्या सकाळी उंबऱ्यावर चुन्याच्या भुकटीचे चोक, म्हणजे रांगोळ्या, उमटतात, दाराला फुलांचे तोरण लागते, शेवया, रवा आणि गोड दही होते आणि कुटुंब अग्यारीत सुखड, म्हणजे चंदन, अर्पण करून येते. जेवणात साधा भात आणि पिवळी डाळ, म्हणजे धान-दार, मासळीबरोबर असते. मराठी माणसाला पारशी जेवण म्हटले की धानशाक आठवतो, पण शुभदिनी तो वर्ज्य आहे. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी मांसाहार पुन्हा सुरू होतो तेव्हा तो शिजतो.

फरवर्दीनच्या सहाव्या दिवशी खोरदाद साल, म्हणजे जरथुष्ट्राचा जन्मदिन. दहाव्या महिन्याच्या खोरशेद रोजी त्याचा निर्वाणदिन, 'जरथोस्त नो दीसो'. आठव्या महिन्याची आवां परब पाण्याची. या दिवशी लोक समुद्रकिनाऱ्यावर, नदीकाठी किंवा विहिरीपाशी जाऊन प्रार्थना करतात आणि फुले, साखर, दार-नी-पोरी अर्पण करतात. मुंबईत चर्चगेटजवळची 1725 ची भीखा बेहराम विहीर त्या दिवशी गजबजते. नवव्या महिन्याची आदर परब अग्नीची. घरची चूल पुसून तिला विश्रांती दिली जाते आणि तिच्या मागच्या भिंतीवर हळदकुंकवाने दिवा, चिमटा, पळी अशी चित्रे काढली जातात. रोजचा स्वयंपाक करणाऱ्या अग्नीचे असे ऋण मानणारा सण हा या धर्माच्या स्वभावाचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. इथे देव आणि चूल यांच्यात अंतर नाही.

गहंबार हे सर्वांत जुने सण. मैद्योझारेमपासून हमस्पथमएद्येमपर्यंत सहा ऋतुउत्सव, प्रत्येकी पाच दिवसांचे. आकाश, पाणी, धरती, वनस्पती, पशू आणि मानव यांच्या निर्मितीशी ते जोडलेले आहेत. त्यांचा गाभा सामूहिक भोजनाचा. श्रीमंताने धान्य द्यावे, ज्याला ते जमत नाही त्याने श्रम द्यावेत, तेही न जमणाऱ्याने निदान प्रार्थनेला हजर राहावे आणि सर्वांनी एका पंगतीत जेवावे, असा त्यांचा दंडक. गहंबारासाठी ठेवलेले निधी पुढे पारशी धर्मादायाच्या मोठ्या परंपरेचा भाग झाले. पारशी दानशूरतेचे स्पष्टीकरण केवळ व्यापारातल्या यशात शोधणे अपुरे आहे. मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी होणाऱ्या उठमण्याच्या विधीत दिवंगताच्या नावाने देणग्या जाहीर करण्याची प्रथाही याच विचारातली आहे. आत्मा चौथ्या पहाटे चिन्वत पुलावर न्यायासाठी पोचतो, तेव्हा त्याच्या बाजूने त्याची कृत्ये बोलतात.

घरातले संस्कार आणि अग्नी

सण वर्षातून एकदा येतात, कुस्ती, म्हणजे कमरेचा पवित्र गोफ, दिवसातून अनेकदा बांधली जाते. साधारण सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान मुलगा वा मुलगी नवजोतीच्या विधीत सुदरे आणि कुस्ती धारण करते. सुदरे हा पांढरा सुती सदरा. त्याच्या गळ्यापाशी 'गिरेबान' हा लहानसा खिसा असतो आणि तो सत्कृत्यांनी भरायचा असतो. कुस्ती कोकराच्या लोकरीच्या 72 धाग्यांची. ही संख्या यस्न या ग्रंथाच्या 72 अध्यायांची आठवण देते. ती कमरेभोवती तीन वेढे देऊन गाठी मारून बांधतात. मुलगा आणि मुलगी यांना एकच दीक्षा, एकच वस्त्र आणि एकच प्रार्थना मिळते, ही बाब पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सामूहिक उपासनेचे केंद्र अग्नी आहे. तो अशाचे दृश्य रूप आहे आणि त्याच्यासमोर उभे राहून प्रार्थना अहुर मज्दाची होते. अग्नीच्या तीन श्रेणी आहेत: दादगाह, आतश आदरान आणि सर्वोच्च आतश बेहराम. आतश बेहरामाच्या प्रतिष्ठेसाठी सोळा ठिकाणचे अग्नी गोळा करून, शुद्ध करून एकत्र करावे लागतात. कुंभार, लोहार, सोनार अशा कारागिरांच्या भट्ट्यांपासून विजेने पेटलेल्या आगीपर्यंत त्यांची यादी जाते. समाजातल्या श्रमाचा अग्नीच इथे पूजनीय होतो. दिवसाच्या पाच गाहांमध्ये, म्हणजे प्रहरांमध्ये, पाच वेळा मोबेद अग्नीला सुखड अर्पण करून 'बोय' देतो. भारतात आठ आतश बेहराम आहेत. मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारीत एक आणि उदवाड्यात इराणशाह.

इराणशाहचा प्रवास हा पारशी इतिहासाचा सारांश आहे. इस्लामी विजयानंतर इराण सोडून आलेले लोक गुजरातच्या किनाऱ्यावर संजाण येथे वसले. याची कथा बहमन कैकोबाद संजाणा यांनी 1599 च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात येते. तिथला राजा जादी राणा याने घातलेल्या अटी, म्हणजे स्थानिक भाषा, स्त्रियांचा स्थानिक वेश, शस्त्रत्याग आणि संध्याकाळचे विवाह, याच काव्यात आहेत. दुधात साखर मिसळण्याची लोकप्रिय कथा मात्र त्यात नाही, ती मौखिक परंपरेची आहे. संजाणवर आक्रमण झाल्यावर इराणशाह अग्नी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत लपवला गेला, तिथून वांसद्याला आणि मग नवसारीला गेला. पुरोहितांच्या दोन शाखांत वाद झाल्यावर तो नवसारीबाहेर पडला आणि 1742 मध्ये उदवाड्याला स्थिरावला. देऊळ, गाव आणि राज्यकर्ते अनेकदा बदलले. प्राधान्य अग्नी सांभाळण्याला होते, जागेला नव्हते.

पंचांगाचा वाद

365 दिवसांच्या पंचांगात लीप दिवस नसेल तर दर चार वर्षांनी वर्षारंभ एक दिवस मागे सरकतो. पारशी सन सासानी सम्राट तिसरा यझ्दगर्द याच्या 632 सालच्या राज्यारोहणापासून मोजला जातो. त्या वेळी जूनमध्ये असलेला वर्षारंभ अकराव्या शतकाच्या सुरुवातीस वसंतसंपातापाशी आला आणि तिथूनही मागे सरकत राहिला. भारतातल्या पारशींनी बाराव्या शतकात एकदा एक अधिक महिना धरला. इराणमध्ये तो धरला गेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीस इराणहून सुरतेस आलेल्या जामास्प विलायती या विद्वान दस्तूरांच्या, म्हणजे वरिष्ठ पुरोहितांच्या, ध्यानात हा एका महिन्याचा फरक आला. 1745 मध्ये सुरतेतल्या एका गटाने इराणी गणना स्वीकारली. तो कदमी पंथ, उरलेले शहेनशाही. भरुचमध्ये हा वाद हाणामारीपर्यंत पोचला. 1768 मध्ये कदमी गटाचे मुल्ला काऊस 78 प्रश्न घेऊन इराणला गेले. पुढे 1783 मध्ये मुंबईत उभा राहिलेला दादीशेठ आतश बेहराम कदमी परंपरेचा आहे, तर 1830 चा वाडिया आतश बेहराम शहेनशाही. 1906 मध्ये खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी ऋतूंशी जुळणाऱ्या फसली पंचांगासाठी मंडळ स्थापन केले. त्यात लीप दिवस आहे आणि वर्ष 21 मार्चला सुरू होते.

परिणामी आज तीन नवरोझ आहेत. कदमी जुलैच्या मध्यावर, शहेनशाही ऑगस्टच्या मध्यावर आणि फसली 21 मार्चला. बहुसंख्य पारशी शहेनशाही आहेत. 2024 मध्ये त्यांचा नवरोझ 15 ऑगस्टला आला आणि यझ्दगर्दी सन 1394 सुरू झाला. 21 मार्चचा दिवस मात्र तिन्ही गटांचे लोक जमशेदी नवरोझ म्हणून आनंदाने साजरा करतात. याच वसंतोत्सवाचा 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला, तेव्हा नामनिर्देश करणाऱ्या देशांत भारतही होता.

या वादाचा अर्थ नीट पाहायला हवा. वसंताच्या मध्याचा म्हणून ठरलेला मैद्योझारेम गहंबार शहेनशाही गणनेने आता सप्टेंबरअखेर, पावसाळा सरताना येतो. ऋतूशी असलेले त्याचे नाते तुटले, तरी तो रद्द झाला नाही, कारण वाटून खाण्याचा त्याचा हेतू शाबूत राहिला. ज्या तीन गटांनी एकमेकांची गणना चुकीची ठरवली, त्यांची नवजोत, प्रार्थना, अग्नी आणि श्रद्धा एकच राहिली आणि त्यांच्यात विवाहही होऊ लागले. दिवस योग्य की अयोग्य, हा एकेकाळी धर्माच्या अस्तित्वाचा प्रश्न वाटत होता. आज तो कौटुंबिक परंपरेचा प्रश्न उरला आहे. धर्माचा आशय आणि धर्माची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समाजाने अनुभवाने मान्य केल्याचा हा पुरावा आहे.

बदलाचा आधार

पंचांग हे असे एकच उदाहरण नाही. नवसारीतले समाजप्रमुख चांगा आसा यांच्या पुढाकाराने नरीमान होशंग हे दूत 1478 मध्ये इराणमधून धर्मविषयक उत्तरे घेऊन आले. तेव्हापासून 1773 पर्यंत भारतीय पारशी आपल्या शंका इराणी धर्मपंडितांना विचारत राहिले. या पत्रव्यवहाराला रिवायत म्हणतात. शंका विचारणे ही तीनशे वर्षांची पद्धतच होती. एकोणिसाव्या शतकात मिशनरी जॉन विल्सन यांनी पारशी धर्मावर टीका केली, तेव्हा समाजाला आपल्या ग्रंथांकडे नव्याने पाहावे लागले. 1851 मध्ये नवरोजी फर्दुनजी आणि दादाभाई नवरोजी यांच्या सहभागाने रहनुमाए माझ्दयस्नान सभा ही सुधारक संस्था स्थापन झाली. पुण्यात संस्कृत शिकवणारे जर्मन पंडित मार्टिन हाऊग यांनी गाथा हेच जरथुष्ट्राचे मूळ वचन असल्याचे मांडले. त्यांचे निबंध 1862 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यानंतर मूळ उपदेश आणि नंतरचे विधिनिषेध यांतला फरक हा पारशी विचारविश्वाचा कायमचा विषय झाला.

याच कसोटीने आजचे तीन प्रश्न पाहता येतात.

पहिला अंत्यविधीचा. प्रेत अशुद्धीचे घर मानले जाते, म्हणून ते अग्नी, धरती वा पाणी यांना स्पर्श न करता दोखम्यात, म्हणजे उघड्या गोल मनोऱ्यात, ठेवून सूर्यप्रकाश आणि गिधाडांच्या हवाली करण्याची प्रथा पडली. मुंबईत मलबार हिलवरची डुंगरवाडी सतराव्या शतकापासून या कामी आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे 1990 च्या दशकापासून गिधाडे जवळपास नाहीशी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण मुंबईच्या आकाशात गिधाडे परतली नाहीत. सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले गेले. पावसाळ्यात त्यांचा उपयोग मर्यादित आहे. 2015 मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्यांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. इराणमधल्या झरतुश्तींनी, म्हणजे जरथुष्ट्राच्या अनुयायांनी, विसाव्या शतकात दोखमे सोडून, प्रेताचा मातीशी संपर्क येणार नाही अशा सिमेंटच्या कबरींचा मार्ग घेतला. सृष्टी दूषित होऊ नये हा हेतू आहे, दोखमा हे त्याचे साधन. साधन निकामी झाले असता हेतू राखणारा दुसरा मार्ग शोधणे हा धर्मभंग ठरत नाही.

दुसरा सदस्यत्वाचा. 1908 च्या पेटिट विरुद्ध जीजीभॉय खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी पारशी कोण याची चर्चा केली. पारशी वडिलांची, परधर्मीय आईपासून झालेली आणि नवजोत झालेली मुले पारशी धरण्याची प्रथा पुढे त्या निकालाच्या आधारे रुजली. परधर्मीयाशी विवाह करणाऱ्या पारशी स्त्रीच्या मुलांना मात्र बहुतेक संस्था ती मान्यता देत नाहीत, काही ठिकाणी तिच्या स्वतःच्या प्रवेशालाही हरकत घेतली जाते. मुलामुलींना एकच सुदरे देणाऱ्या धर्मात हा भेद श्रद्धेतून येत नाही. तो वंशाच्या तत्कालीन कल्पनेतून आणि धर्मादाय निधींच्या हक्कांच्या वादातून आलेला आहे. इराणमधल्या यझ्दच्या अग्निमंदिरात परधर्मीय पाहुणाही काचेपलीकडून अग्नीचे दर्शन घेऊ शकतो, म्हणजे प्रवेशाचे नियमही सर्व झरतुश्ती जगात एकसारखे नाहीत.

तिसरा प्रश्न संख्येचा आणि त्याहून पौरोहित्याचा. 1941 च्या जनगणनेत पारशी 1,14,890 होते. 2001 मध्ये 69,601 आणि 2011 मध्ये 57,264 उरले. उशिरा किंवा न होणारे विवाह, कमी जन्म आणि स्थलांतर ही त्याची कारणे. 2013 मध्ये केंद्र सरकारने 'जियो पारसी' योजना सुरू केली. पण आकड्यांइतकीच गंभीर बाब अथोरनान, म्हणजे पुरोहित, कुटुंबांची आहे. पौरोहित्य वंशपरंपरेने चालते, मुले नावर, म्हणजे पौरोहित्याची पहिली दीक्षा, घेऊनही दुसऱ्या व्यवसायात जातात आणि दिवसातून पाच वेळा बोय देण्यासाठी पूर्णवेळ मोबेद मिळणे कठीण झाले आहे. मोबेद घडवण्यासाठी 1919 मध्ये दादरला मद्रेसा स्थापन झाली होती. तशा संस्थांना बळ देणे आणि मोबेदांना सन्मानाचे वेतन देणे हे कोणत्याही वादाआधी करता येण्याजोगे काम आहे.

परंपरावाद्यांचा आक्षेप वजनदार आहे. राज्य नाही, मोठी लोकसंख्या नाही, अशा समाजाला हजार वर्षे एकत्र ठेवले ते नियमांच्या काटेकोर पालनाने. एकदा सैल झालेली गाठ पुन्हा बांधता येत नाही. विधींबाबत हे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. बोय, यस्न, कुस्ती आणि मुक्ताद यांत तडजोड केली तर उरते ते केवळ आडनाव आणि खाद्यसंस्कृती. पण विधी कसा करायचा आणि त्याला कोण उभे राहू शकते हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात काटेकोर राहून दुसऱ्यात उदार होता येते. किंबहुना विधी टिकवायचे असतील तर ते करणारी माणसे टिकवावी लागतात. स्थानिक भाषा आणि वेश स्वीकारून, पंचांगाचे तीन मार्ग मान्य करून आणि मुक्तादांची मेजे घरातून अग्यारीत नेऊन समाजाने आजवर हेच केले.

पारशी सणांतून निघणारे निकष स्पष्ट आहेत. एखादी रूढी सृष्टीचे रक्षण करते का, दिवंगतांचे स्मरण जागे ठेवते का, पंगतीत अधिक माणसांना जागा देते का आणि स्त्री-पुरुष दोघांकडून सुविचार, सुवचन, सुकृतीची समान अपेक्षा ठेवते का? ज्या रूढीचे उत्तर होकारार्थी आहे ती कितीही अवघड असली तरी जपावी. ज्या रूढीला या प्रश्नांचे उत्तर देता येत नाही, तिचा फेरविचार करण्याचा अधिकार जरथुष्ट्रानेच अनुयायांना दिला आहे, कारण त्याच्या गाथांमध्ये प्रत्येक स्त्रीने आणि पुरुषाने स्वतः विचार करून निवड करावी अशी अपेक्षा आहे.